चावी घट्ट आहे

"विकायचं तर सगळं एकदम विक आणि एकाच माणसाला विक. कपाट रिकामं कर, हात धू आणि मोकळी हो. एकेक करून विकायला बसलीस ना, तर दहा माणसं तुझ्या डोक्यात येऊन राहतील, आणि भाडंही देणार नाहीत," असं ताई म्हणाली होती, तेव्हा ही धाकटी हसली होती. ताईला सगळ्याच गोष्टींत भाडेकरू दिसतात. शिवाय ताईचं काय जातं बोलायला. बाबांच्या मागे तिनं शिवणाचं मशीन उचललं, गाडीत घातलं आणि गेली. काचेचं कपाट आणि त्यातली पत्र्याची खेळणी हिच्या वाट्याला आली. "अगं, ऑनलाइन लिलाव आहे. दाराशी कोण येणारे? फोटो टाकायचा, बोली लागते, पैसे येतात, पार्सल जातं. माणूस मधे येतच नाही," असं हिनं ताईला मोठ्या शहाणपणानं समजावलं होतं आणि बोलता बोलता मांडीवरच्या बारकीच्या मुठीतून फोनच्या चार्जरची वायर सोडवून घेतली होती. माणूस मधे येत नाही, हेच तर तिला हवं होतं. बारकी झाल्यापासून माणसांचा तिला तसाही वीट आला होता. बघायला येणारी, गाल ओढणारी, हात न धुता उचलून घेणारी माणसं, आणि 'वजन कमी वाटतं' म्हणून निघून जाणारी.

आणि आज भर सकाळी, बारकीच्या तोंडात भाताचा घास असताना, फोन थरथरला आणि त्यावर ओळ आली, 'ग्राहकाने पार्सल स्वीकारले नाही. पाठवणाऱ्याकडे परत येत आहे.' तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोणता ग्राहक हे बघायची गरज नव्हती. तरी तिनं बघितलं, दुखरा दात जिभेनं पुन्हा चाचपावा तसं. खुळखुळा. या माणसानं साइटवर स्वतःचं नाव 'खुळखुळा' असं ठेवलं होतं. नाव घेताना लाज वाटली नाही, आता पार्सल नाकारताना कशी वाटेल. तिनं वाटी खाली ठेवली, मग बारकी ती वाटी डोक्यावर पालथी घालेल हे लक्षात येऊन पुन्हा उचलली, एका हातात वाटी आणि एका हातात फोन अशी ती स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहिली आणि कोणाला तरी काहीतरी लागेल असं बोलावं असं तिला फार वाटलं. समोर बारकीच होती. बारकी म्हणाली, "आ." तिनं घास दिला.

गेल्या काही महिन्यांत तिला माणसांच्या किती जाती कळल्या होत्या. एक तो, जो लिलाव संपायला श्वासभर वेळ उरला की झडप घालतो, आठवडाभर बोली लावणाऱ्या गरिबांना झटकून टाकतो, जिंकतो, आणि मग पैसेच भरत नाही. त्याला वस्तू नको असते, जिंकायचं असतं. एक ती बाई, जी पत्र्याचा बेडूक नक्की जुना आहे का, जुना असेल तर गंज का नाही, आणि गंज असेल तर विकता कशाला, असं तीन निरोपांत विचारून झाल्यावर म्हणाली, "असू दे, माझ्या मुलाला आता बेडूक आवडत नाही." एक जण रोज नवी किंमत सांगायचा आणि रोज मागच्यापेक्षा कमी. जणू ती वस्तू त्याच्या मनात रोज थोडी थोडी विटत होती. एकानं विमान घेतलं, त्याचा पंखा आपल्याजवळच्या मोडक्या विमानाला लावला, मोडका पंखा हिच्या विमानाला लावून 'वर्णनाप्रमाणे नाही' म्हणून परत पाठवलं, आणि साइटनं त्याचे पैसे त्याला परत दिले. ती भांडली. फोटो पाठवले, पंख्यावरच्या ओरखड्यापर्यंत. बाळंतपणाआधी ती विम्याच्या कंपनीत दावे तपासायची. पुरावा कसा मांडायचा हे तिला कोणी शिकवायला नको होतं. साइटकडून उत्तर आलं, 'तुमच्या भावना आम्ही समजतो.' भावनांबद्दल ती बोललीच नव्हती. पंख्याबद्दल बोलत होती.

पण हे सगळे आले आणि गेले. खुळखुळा मात्र राहिला. खुळखुळा पैसे ताबडतोब भरायचा, बोलीची घंटा विरायच्या आत. हेच तिला आधी बरं वाटलं होतं आणि आता त्याचाच राग येत होता, कारण पैसे भरलेल्या माणसाला बोलायचा हक्क येतो. पार्सल पोचलं की तो एक व्हिडिओ पाठवायचा, खेळणं चालताना. खाली लिहायचा, 'चाललं.' बस्स एवढंच, तेव्हा ठीक होतं. मग प्रश्न यायला लागले. बदक डावीकडे ओढतं का. हत्तीच्या पोटातून येणारा वास तेलाचा की नुसत्या लोखंडाचा. मग तक्रारी आल्या. पुठ्ठ्याला चिकटपट्टी फार मारता. खोका फार घट्ट असतो. आणि मग ती एकच तक्रार, आगगाडीपासून सुरू झालेली आणि हत्तीपाशी येऊन थांबलेली: चावी घट्ट आहे. आगगाडीच्या वेळी तिनं सौम्य उत्तर दिलं होतं. अस्वलाच्या वेळी स्वतः चावी फिरवतानाचा व्हिडिओ पाठवला होता. अस्वल त्यानं परत पाठवलं. ते परत आल्यावर तिनं खोका उघडला, चावी फिरवली, अस्वल ओट्यावर मुकाट्यानं ढोल बडवत फिरलं, आणि ती त्याच्याकडे बघत राहिली, डोळ्यांत संतापाचं पाणी घेऊन. हत्तीच्या वेळी खुळखुळ्यानं पाचात तीन स्टार दिले आणि जगासमोर लिहिलं, 'वस्तू उत्तम, चावी घट्ट.' त्याखाली तिनंही जगासमोरच लिहिलं, 'हीच चावी माझ्या दोन वर्षांच्या मुलीलाही फिरते.' ते खोटं होतं. बारकीला ती त्या खेळण्यांच्या आसपासही फिरकू द्यायची नाही. पत्र्याच्या कडा, जुना रंग, सुटणारे बारीक स्क्रू, त्या कपाटात तिला खेळणी दिसायचीच नाहीत, अपघात दिसायचे, ओळीनं मांडून ठेवलेले. पण लिहिताना बरं वाटलं होतं. त्यावर दोन अनोळखी लोकांनी हसरे चेहरे टाकले होते.

या खेळण्यांवर तिचं प्रेम होतं म्हणून तिला एवढं लागत होतं असंही नव्हतं, आणि तोच तर घोळ होता. बाबा शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला होते. आठवडाभर दुसऱ्यांच्या मुलांच्या हातून फुटलेल्या नळ्या मोजायचे आणि सुटीच्या सकाळी कपाट उघडून एकेका खेळण्याला एकदा, एकदाच, चावी द्यायचे. "नाही दिली तर स्प्रिंग आपलं काम विसरते," म्हणायचे. लाद्यांवर गुडघे टेकून बसलेले बाबा, त्यांच्या पुढ्यात निघालेली ती खुडखुड करणारी वरात, शिवणाच्या मशीनच्या तेलाचा वास, आणि दारापाशी हात पाठीमागे बांधून उभी असलेली ती. हात पाठीमागे, ही अट होती. ताईनं कधीच अट पाळली नाही, दोनदा पाठीत धपाटा खाल्ला आणि मग तिनं खेळण्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. हिनं पाळली. बाबा गुडघ्यांवर बसायचे ते बदकासाठी, आगगाडीसाठी. इस्त्रीवालीसाठी तर ते चक्क पालथे पडायचे. इस्त्रीवाली म्हणजे वीतभर उंचीची, पिवळ्या झग्यातली पत्र्याची बाई. चावी दिली की मान हलवत हलवत पुढ्यातल्या फळीवर इस्त्री मागेपुढे करायची, आणि स्प्रिंग संपत आली की इस्त्री कापडावर तशीच ठेवून थांबायची, जणू तिला आतून कोणी हाक मारली. "कापड जळेल," ही लहानपणी कळवळून म्हणायची. बाबा हसायचे, पण दुसऱ्यांदा चावी द्यायचे नाहीत. म्हणून इस्त्रीवाली विकायला काढताना तिला वाईट वाटलं नव्हतं. उलट बाबांच्या डोळ्यांसमोर त्यांच्या लाडकीला घराबाहेर काढावं तसं काहीतरी वाटलं होतं. आणि तीच नेमकी खुळखुळ्यानं घेतली होती. या वेळी तिनं त्याला कोंडीतच पकडायचं ठरवलं होतं: पार्सल सही घेऊनच द्यावं, दाराशी ठेवू नये, शेजारी देऊ नये. मिळालं नाही म्हणायची सोयच ठेवायची नाही.

आणि त्यानं घेतलंच नाही. परवा एकदा नाही, काल दुसऱ्यांदा नाही, आज नाही. फोनवर नोंदी ओळीनं दिसत होत्या. सगळ्यात पहिली होती, 'ग्राहक घरात आहे. दार उघडत नाही.' घरात आहे. ती हे शब्द पुन्हा पुन्हा वाचत होती आणि प्रत्येक वेळी नवा माणूस बघत होती: पडद्याआडून बघून हसणारा, चहा पीत बसलेला, घंटा वाजते तशी पायाची बोटं हलवणारा. आता नियम असा की तिसऱ्यांदा नाकारलेलं पार्सल म्हणजे विकणाऱ्याचा दोष. जायचा खर्च तिचा, यायचा खर्च तिचा, आणि तिच्या पानावर लाल पट्टी, 'या विक्रेत्याबद्दल सावध राहा.' तिच्याबद्दल. जी एका पार्सलला अर्धी दुपार घालते, जी खोक्यात बारकीचे धुतलेले जुने लंगोट भरते की पत्र्याला ओरखडा उमटू नये. बारकी पाळण्यात झोपी जाताच तिनं साइटवर 'ग्राहकाविरुद्ध तक्रार' हे बटण दाबलं. कारणांची यादी आली. तिनं 'फसवणुकीचा हेतू' निवडलं. इतक्या महिन्यांत साइटनं तिचं पहिल्यांदाच चटकन ऐकलं: 'हे खाते गोठवण्यात आले आहे. आता हा ग्राहक कोणालाही निरोप पाठवू शकणार नाही.' तिला इतकं बरं वाटलं की तिनं फोन छातीशी धरला आणि खुर्चीवर बसून, आवाज न करता, टाळी वाजवल्यासारखे हात एकमेकांवर ठेवले.

पण तेवढ्यानं लाल पट्टी जाणार नव्हती. त्यासाठी पुरावा हवा. तिनं त्या शहरातल्या कुरिअरच्या कचेरीत फोन लावला. फोनवरचा माणूस काहीतरी खात होता.

"मॅडम, दार उघडत नाही म्हटल्यावर आमचा माणूस काय भिंत फोडणार का?"

"भिंत नका फोडू. मला फक्त सांगा, माणूस घरात होता हे कशावरून लिहिलं?"

"थांबा, तो इथंच आहे, विचारतो." मग फोन बाजूला धरून झालेली बोलणी, कोणाचं तरी हसणं, एक शिट्टी. "तो म्हणतो, परवा घंटा वाजवली तेव्हा आत रेडिओ चालू होता. आणि आतून आवाज आला."

"काय आवाज?"

"थांबा म्हणाले म्हणे. 'थांबा, थांबा' असं. आमचा माणूस थांबला की, बराच वेळ थांबला. कोणी आलंच नाही. चेष्टा करतात लोक, मॅडम. मग तो गेला. काल रेडिओ होता, बोलणं नव्हतं. आज काहीच नव्हतं."

तिनं हे सगळं लिहून घेतलं. 'थांबा' भोवती गोल काढला. विम्याच्या कचेरीत अशा एका शब्दावर दावा उडायचा: माणूस हजर, शुद्धीवर, आणि तरी नकार. आता त्याच्या जुन्या तक्रारी खोट्या पाडल्या की झालं. खेळणी चालत होती याचा पुरावा त्याच्याच व्हिडिओंत होता, आणि ते व्हिडिओ तिनं धड बघितलेच नव्हते. 'चाललं' एवढं वाचायची आणि पुढे जायची. आता ती एकामागून एक बघायला बसली, आवाज बंद करून, कारण बारकी नुकतीच झोपली होती.

पहिला बेडकाचा. लाकडी टेबल, त्यावर बेडूक, आणि कडेला एक म्हातारा हात, नखं कापलेली, बाहीचं बटण लावलेलं. बेडूक उडी मारतो, हात त्याला टेबलाच्या काठावर अडवतो. ठीक. मग बदक. हे जमिनीवर चालतं, करड्या लाद्यांवर. फोन बहुधा खुर्चीत बसून धरलेला, खाली दोन सपाता, त्यांच्यामधून बदक जातं. ठीक. आगगाडीत एकच सपात, आणि तिच्या शेजारी काठीचं रबरी टोक. चावी देताना दोन्ही हात दिसतात, एका हातानं गाडी धरलेली, दुसऱ्याचं बोट आणि अंगठा चावीवरून घसरतात, पुन्हा धरतात, पुन्हा घसरतात. तिनं व्हिडिओ थांबवला. मग पुढे नेला. मग परत मागे आणला. अस्वलाचा व्हिडिओ नव्हताच, अस्वल परत आलं होतं. शेवटी हत्ती. यात फोन जमिनीवरच ठेवलेला. हत्ती लांबून येतो, लाद्यांच्या पातळीवरून दिसतो, पहाडासारखा. चावी कशी दिली ते दिसत नाही. नुसता मांडीसारखा काहीतरी भाग, दोन मुठी, आणि बराच वेळ काहीच नाही. मग हत्ती निघतो. त्याच्या मागे पलंगाखालचं दिसतं.

पलंगाखाली एक चमचा पडला होता. जमिनीवरच्या वस्तू तिला दिसल्याशिवाय राहत नाहीत. गेली दोन वर्षं ती जमिनीवरच राहते आहे. कुठल्याही घरात शिरली की तिची नजर आधी खाली जाते: नाणं, टाचणी, गोळी, बटण, जे जे बारकीच्या तोंडात जाऊ शकेल ते. तिनं चित्र बोटांनी मोठं केलं. चमचा. औषधाच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट. आडवा कप. आणि चमच्याभोवती धूळ अशी जमलेली की चमच्याची बाह्याकृती तिच्यात उमटली होती. ती आगगाडीच्या व्हिडिओकडे परत गेली. तिथंही, कोपऱ्यात, पलंगाच्या पायाशी तोच चमचा. तेव्हा चकचकीत होता. दोन खेळण्यांच्या मधे मोठा काळ गेला होता, अस्वल जाऊन परत आलं होतं, आणि त्या खोलीत एकही माणूस असा आला नव्हता जो वाकून एक चमचा उचलेल. आणि जो तिथं राहतो त्याला वाकता येत नव्हतं.

आता तिनं आवाज सुरू केला. हत्तीची खुडखुड, मागे रेडिओ, आणि फोनच्या अगदी जवळ, कानात कोणी श्वास घ्यावा तसा श्वास, दमलेला. मग तो स्वतःशीच म्हणतो, "निघाला बाबा एकदाचा."

थांबा. हा शब्द तिनं मघाशी गोलात टाकला होता, तो आता गोलातून बाहेर आला आणि तिला ऐकू यायला लागला, जसा तो दाराच्या आतल्या बाजूनं म्हटला गेला असेल तसा. थांबा, येतोय. थांबा, उठतोय. जमिनीवरून. घंटा वाजवणाऱ्याला माहीत नाही की या घरात दार किती लांब आहे. तो बराच वेळ थांबतो, म्हणजे किती, एक बिडी ओढायला लागतो तेवढा, आणि वहीत लिहितो की ग्राहक घरात आहे. परवा बोलणं होतं, काल नुसता रेडिओ, आज काहीच नाही. चावी घट्ट आहे. खोका घट्ट आहे. पट्टी फार मारता. तो एवढे महिने तिला एकच गोष्ट सांगत होता आणि ती व्हिडिओ काढून उत्तर देत होती. पार्सल दाराशी ठेवू नये, शेजारी देऊ नये, हेही तिनंच लिहिलं होतं. शेजाऱ्याला दिलं असतं तर शेजारी संध्याकाळी ते घेऊन तरी गेला असता. तिला स्वतःचा राग यायला हवा होता, पण आला तो त्याचाच, पुन्हा, आधीपेक्षा जास्त: अरे बाबा, मग तसं लिहायचं ना. हात चालत नाहीत असं लिहायचं. पडलोय असं लिहायचं. आणि मग तिच्या लक्षात आलं की आता त्याला लिहायचं असलं तरी लिहिता येणार नाही. तक्रारीचं बटण तिनंच दाबलं होतं.

पार्सलच्या पावतीवर त्याचा नंबर होता. परवा तिनं लावला होता तेव्हा वाजून वाजून थांबला होता, आणि तिनं मनातल्या मनात त्याला दोन शिव्या घातल्या होत्या. आता तो बंद होता. साइटच्या मदत केंद्रातली मुलगी गोड आवाजात म्हणाली की गोठवलेलं खातं दोन्ही बाजूंचं ऐकून घेतल्यावरच उघडतं. "त्यांची बाजू ते मांडू शकतात," ती म्हणाली. "कशी मांडणार? तुम्ही त्यांचे निरोप बंद केलेत." "ते ईमेल करू शकतात." "ते जमिनीवर पडलेत, बाई." "तुमची गैरसोय झाली त्याबद्दल दिलगीर आहोत."

त्या शहरातल्या पोलिस चौकीचा नंबर शोधून लावला. उचलणाऱ्यानं आधी पूर्ण ऐकून घेतलं, हे तिला नंतर आठवलं तेव्हा त्याचंच जास्त वाईट वाटलं.

"तुम्ही त्यांच्या कोण?"

"मी... मी त्यांना वस्तू विकते."

"कसल्या?"

"खेळणी."

"वय काय म्हणालात त्यांचं?"

"माहीत नाही. म्हातारे आहेत."

"तुम्ही पाहिलंय त्यांना?"

"हात पाहिलेत."

पलीकडे कागद सरकवल्याचा आवाज झाला. "तुमचे पैसे अडकलेत का?"

"नाही. त्यांनी आधीच भरलेत."

"मग तुमची तक्रार काय आहे, मॅडम?"

तिनं तोंड उघडलं आणि तिच्याकडे तक्रार नव्हती. सकाळपासून, महिन्यांपासून, ती तक्रारींनी ठासून भरलेली होती आणि आता हवी तेव्हा एकही नव्हती. "ते दार उघडत नाहीत," ती म्हणाली. "लोक उघडत नाहीत दार," तो समजुतीनं म्हणाला, "तिकडे माणूस मोकळा झाला की पाठवतो." पत्ता त्यानं लिहून घेतला, किंवा लिहून घेतल्यासारखे हुंकार दिले. तिनं थोड्या वेळानं पुन्हा लावला तेव्हा दुसऱ्याच कोणीतरी उचलला आणि त्याला काही माहीत नव्हतं. सगळं पहिल्यापासून सांगा म्हणाला. तिनं सांगितलं. या वेळी 'खेळणी' शब्दाशी तो हसला.

नवऱ्याला फोन केला तर तो मिटिंगमधून बाहेर येऊन कुजबुजत बोलला. "अगं, सकाळी तू मला मेसेज टाकलास की तो चोर आहे. आता तो मरायला टेकलाय. एकदा काय ते ठरव ना."

"गाडीनं गेलं तर रात्रीपर्यंत पोचता येईल."

"बारकीला घेऊन? एका खुळखुळ्यासाठी?"

"त्याचं नाव नाहीये ते."

"मग काय आहे?"

पार्सलच्या पत्त्यात त्यानं आडनावाच्या जागीही खुळखुळाच लिहिलं होतं. नवरा म्हणाला, "तू पोलिसांना सांगितलंस ना, झालं. अजून काय करायचं माणसानं. जेवलीस का?" तिला फोन भिंतीवर मारावासा वाटला. तो वाईट बोलला म्हणून नव्हे. तो अगदी बरोबर बोलत होता, पोलिस बरोबर होता, कुरिअरवाला बरोबर होता, मदत केंद्रातली गोड मुलगी बरोबर होती, सगळे आपापल्या नियमानं वागत होते, आणि या सगळ्या बरोबर माणसांच्या मधोमध एका दाराआड कोणीतरी दोनदा थांबा म्हणालं होतं.

पाळण्यात बारकी कूस बदलून कण्हली. ती उठून बघून आली, श्वास ऐकला, पांघरूण छातीपर्यंत खाली ओढलं. परत येऊन बसली. त्या शहरात तिच्या ओळखीचं कोणी नव्हतं. पण साइटवर होते. पत्र्याच्या खेळण्यांचे वेडे. गावोगावी, गल्लोगल्ली, दिवसभर फोनवर टपून बसलेले, श्वासभर वेळ उरला की झडप घालणारे. तिनं त्यांच्या गप्पांच्या पानावर चार ओळी लिहिल्या. साइटनं त्या क्षणात पुसल्या: खाजगी पत्ता देणं नियमाबाहेर. पुन्हा लिहिल्या, पुन्हा पुसल्या. मग तिनं डोळे मिटले आणि त्या लोकांसारखा विचार केला. लिलावाचं पान तपासायला साइटला वेळ लागतो, हे तिला माहीत होतं. एकदा तिचं बोट चुकून बदकाच्या जागी बारकीचा फोटो पडला होता आणि तो दुपारभर तिथंच होता. आणि हे वेडे शीर्षक वाचत नाहीत, कौतुक वाचत नाहीत, विकणारीची गोड भाषा तर अजिबात वाचत नाहीत. उघडल्या उघडल्या ते एकच रकाना वाचतात, दोष. कुठे गंज, कुठे ठोका, कुठे रंग उडाला. त्यावरूनच बोली ठरते.

तिनं इस्त्रीवालीचे जुने फोटो पुन्हा चढवले. किंमत अशी ठेवली की कोणाचाही हात थांबू नये. शीर्षकात त्या शहराचं नाव टाकलं. आणि दोषांच्या रकान्यात, घाईनं चुका करत, त्या खोडत, लिहिलं:

'वस्तूत दोष नाही. वस्तू सध्या माझ्याकडेही नाही, आणि हे वाचून तुम्ही चिडाल हे मला माहीत आहे. चिडा, पण पुढे वाचा. वर लिहिलेल्या शहरात तुम्ही असाल, किंवा तुमचं कोणी असेल, तर जुन्या पोस्टाच्या मागच्या गल्लीत जा. तळमजला, जिन्याखालचं दार. आत एक म्हातारे गृहस्थ एकटे आहेत, त्यांच्याशी तुम्ही इथं नक्की बोलीत भांडला असाल. मला वाटतं ते पडलेत आणि त्यांना उठता येत नाही. मला चूक ठरवा, मी आनंदानं चूक ठरेन. घंटा वाजवा. आतून कोणी थांबा म्हणालं तर थांबा. कोणी काहीच म्हणालं नाही, तर मात्र थांबू नका, शेजारी गोळा करा, दार उघडा. ते उघडत नाही म्हणून परत फिरू नका.'

तिनं पाठव दाबलं. पानाच्या कोपऱ्यात एक छोटा आकडा असतो, किती जण बघताहेत याचा. तो शून्य होता. मग एक झाला.